सॅक्रामेंटोला काय हवे होते आणि काय आणले

२२ जून २०२५. ओक्लाहोमा सिटीत एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना सुरू होऊन काही मिनिटेच झाली होती. आपल्याकडे सोमवार उजाडत होता. इंडियाना पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन चेंडू घेऊन पुढे निघाला आणि कोसळला. टाचेवरची अकिलीस कंडरा तुटली होती. तोवर त्याने तीन थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेल्या तीन गुणांच्या बास्केट) टाकले होते. पेसर्स सामना हरले, विजेतेपद ओक्लाहोमा सिटी थंडरकडे गेले, आणि सॅक्रामेंटो किंग्जच्या चाहत्यांचे जुने भांडण पुन्हा पेटले. ८ फेब्रुवारी २०२२ ला आपण या पोराला पेसर्सकडे देऊन टाकले, त्याच्याबरोबर बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्प्सनही दिले, आणि बदल्यात डोमांटास सबोनिस घेतला, तोच संघाच्या नाशाचा दिवस, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू सबोनिसच्या रिबाउंडचे (हुकलेला चेंडू ताब्यात घेण्याचे) आकडे पुढे करते. २०२२ पासून हेच चालले आहे. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या ठिकाणी खणत आहेत. तो ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) चूक नव्हता. चूक त्यानंतरच्या उन्हाळ्यांत झाली, कारण संघाला काय कमी आहे हे समोर लख्ख दिसत असताना किंग्ज दर वेळी जे आधीच भरपूर होते तेच विकत घेत राहिले.

या संघाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारेल. २०१३ मध्ये हा संघ सिॲटलला जायच्या बेतात होता. शहराने, महापौराने, चाहत्यांनी जिवाचा आटापिटा करून तो अडवला, आणि ज्या गटाने तो विकत घेऊन सॅक्रामेंटोत ठेवला त्याचे नेतृत्व मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्याकडे होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने वरळीच्या डोममध्ये झाले, ते याच किंग्ज आणि पेसर्समध्ये. हंगामापूर्वीचे सराव सामने होते, पण पहिला जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी १३२-१३१ असा जिंकला. किंग्जकडे तेव्हा डीॲरन फॉक्स होता, पेसर्सकडे सबोनिस. आमच्यातले अनेक जण त्या दोन दिवसांपासून किंग्जचे झाले. ज्या संघासाठी तुम्ही सकाळी साडेआठला कामावर जायच्या गडबडीत मोबाइल उघडून बसता, त्याच्याबद्दल वाद नीट व्हावा असे वाटणे स्वाभाविक आहे.

आधी एक साधी गोष्ट पाहू. हा ट्रेड कोणी जिंकला, या प्रश्नाचे उत्तर दर वर्षी बदलले आहे. २०२२-२३ मध्ये सबोनिसच्या पहिल्या पूर्ण हंगामात किंग्जनी ४८ सामने जिंकले, पश्चिम विभागात तिसरे आले, आणि सलग सोळा हंगाम प्लेऑफबाहेर (विजेतेपदाच्या बाद फेरीबाहेर) राहण्याची, एनबीएच्या इतिहासातली सर्वांत लांब, रांग मोडली. शंभर चेंडूताब्यांमागे गुण काढण्याचा लीगचा तोवरचा उच्चांक त्यांनी केला. माइक ब्राऊन एकमताने वर्षाचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. प्रत्येक विजयानंतर आकाशात जांभळा झोत उभा राहायचा आणि अख्खे शहर त्याचे फोटो काढायचे. त्याच वर्षी हॅलिबर्टनचे पेसर्स ३५ सामने जिंकून प्लेऑफबाहेर बसले होते. तेव्हा बहुतेकांचे उत्तर काय होते, आठवते का? दोनच वर्षांत पेसर्स अंतिम फेरीत आणि किंग्ज ४०-४२ वर. खेळाडू तेच दोघे. २०२४ मध्ये तर दोघांनाही एकाच वेळी ऑल-एनबीए या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत तिसऱ्या संघात जागा मिळाली, म्हणजे मत देणाऱ्यांच्या लेखी दोघे एकाच पायरीवर. मग मधल्या काळात बदलले काय? दोघांच्या भोवतीची माणसे.

विरोधी बाजूचे सर्वांत जड मुद्दे मी टाळणार नाही. हॅलिबर्टन तेव्हा एकवीस वर्षांचा होता, सबोनिस पंचविशीचा. हॅलिबर्टन पहिल्याच करारावर होता, म्हणजे पगारमर्यादेच्या हिशेबात पुढची दोन वर्षे जवळजवळ फुकट. ती वाचलेली रक्कम इतर खेळाडूंवर घालता आली असती. आणि २०२५ च्या प्लेऑफमध्ये त्याने जे केले ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस विसरणार नाही: मिलवॉकी, क्लीव्हलँड, न्यूयॉर्क, ओक्लाहोमा, चारही मालिकांत शेवटच्या क्षणी सामना फिरवणारी किंवा बरोबरीत आणणारी बास्केट, आणि अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात घड्याळात ०.३ सेकंद उरले असताना उडी मारून टाकलेली ती बास्केट. शिवाय ज्या फॉक्सला जागा मोकळी राहावी म्हणून हॅलिबर्टनला सोडले असे सगळे धरून चालतात, तो फॉक्सही फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅन अँटोनिओला गेला. दोन गार्डपैकी (चेंडू हाताळून खेळ चालवणाऱ्या गड्यांपैकी) एक ठेवायचा म्हणून एक दिला आणि शेवटी हातात एकही उरला नाही. हे दुखणे खरे आहे. त्या रात्री शिव्या देणाऱ्या चाहत्याला मी मूर्ख म्हणणार नाही.

पण हॅलिबर्टनला पेसर्सनी अंतिम फेरीपर्यंत कसे नेले ते बारकाईने पाहा. त्याची उणीव सर्वांना ठाऊक होती: समोरच्या संघाचा वेगवान गार्ड त्याला ओलांडून जातो. मग पेसर्सनी काय आणले? २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत) ३१ व्या क्रमांकावर अँड्र्यू नेम्हार्ड, जो समोरच्याच्या सर्वांत धोकादायक गार्डला अंगावर घेतो. बॉस्टनच्या बाकावर बसलेला एरन नेस्मिथ, जो माल्कम ब्रॉग्डनच्या ट्रेडमध्ये पदरात पडला आणि बचावात जीव तोडतो. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या फेरीचे तीन पिक (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) मोजून पास्कल सियाकम, उंच, लांब हातांचा, चेंडू हातात नसतानाही सतत धावणारा. मागे माइल्स टर्नर आधीपासून होता, बास्केटखाली उडी मारून चेंडू अडवणारा आणि गरज पडली तर लांबून टाकणारा. प्रत्येक माणूस हॅलिबर्टनला जे येत नाही ते करणारा. या यादीत दुसरा हॅलिबर्टन एकही नाही.

आता सबोनिस. त्याला काय येते? रिबाउंड: २०२२-२३ पासून सलग तीन हंगाम तो लीगमध्ये पहिला. पास: बास्केटपासून काही पावलांवर चेंडू धरून, पाठ बास्केटकडे ठेवून, अंगावरून कापत जाणाऱ्या गड्याच्या हातात तो असा ठेवतो की सेंटरचे (बास्केटखाली खेळणाऱ्या सर्वांत उंच गड्याचे) काम आहे असे वाटू नये. एका हंगामात त्याने सलग ६१ सामन्यांत दोन-दोन बाबतींत दुहेरी आकडा गाठला. काय येत नाही? तो लांबून फारसा टाकत नाही, आणि बास्केटवर येणाऱ्याला हवेत अडवण्याइतके लांब हात आणि उडी त्याच्याकडे नाही. हे काही गुपित नव्हते. एप्रिल २०२३ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सनी हे सात सामन्यांत सगळ्या जगाला दाखवले. बाहेर त्याला मोकळे सोडले. आत केव्हॉन लूनीने तीन सामन्यांत वीस किंवा अधिक रिबाउंड उचलले. सातव्या सामन्यात, सॅक्रामेंटोच्याच कोर्टवर, स्टीफन करीने ५० गुण काढले आणि त्याला थांबवायला योग्य माणूस किंग्जकडे नव्हता. गुणांच्या उच्चांकाचा हंगाम तिथेच संपला. डॉक्टरने क्ष-किरण काढून भिंतीवर लावावा तसे होते ते सगळे: लांब हातांचे, उंच, बाहेर बचाव करणारे फॉरवर्ड (पुढे खेळणारे उंच गडी) हवेत, आणि सबोनिसच्या मागे किंवा शेजारी बास्केट राखणारा कोणीतरी हवा.

मग त्या उन्हाळ्यात आले कोण? युरोपातल्या युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला साशा व्हेझेन्कोव्ह, ज्याची ओळख लांबून अचूक टाकणे ही. एका हंगामात तो परत गेला. २०२४ च्या उन्हाळ्यात आला डीमार डीरोझन. माणूस म्हणून तो आदराला पात्र आहे आणि मधल्या अंतरावरून गुण काढण्यात त्याच्या पिढीत त्याच्यासारखे थोडेच. पण त्याला आणताना हॅरिसन बार्न्स गेला, म्हणजे कोपऱ्यात उभा राहून सबोनिससाठी जागा मोकळी ठेवणारा आणि समोरच्या मोठ्या फॉरवर्डला तोंड देणारा जो एक माणूस होता तोच. वर २०३१ चा पिक बदलायचा हक्कही सॅन अँटोनिओला दिला. डिसेंबरमध्ये संघ १३-१८ वर असताना ब्राऊन यांना काढले. फेब्रुवारीत फॉक्स गेला आणि आला झॅक लव्हीन: पुन्हा गुण काढणारा, पुन्हा चेंडू हातात लागणारा. सबोनिसला आधार म्हणून योनास व्हालान्च्युनास आणला, जो सबोनिससारखाच बास्केटखाली खेळणारा, उडीवर अडवण्यासाठी नव्हे तर अंगाने रेटण्यासाठी ओळखला जाणारा सेंटर आहे. त्या वर्षी घरच्या कोर्टवर प्ले-इन (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या) सामन्यात डॅलसने त्यांना १२०-१०६ असे बाहेर काढले.

डीरोझन आणि लव्हीन यांच्या जोडीबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटते, कारण हा प्रयोग आधी होऊन गेला होता. २०२१ ते २०२४ हे दोघे शिकागोत एकत्र होते. तीन हंगामांत एकदाच प्लेऑफ, आणि तिथे मिलवॉकीकडून पाच सामन्यांत पराभव. ज्या जोडीवर शिकागोने पाणी सोडले ती सॅक्रामेंटोने पुन्हा जमवली. आणि आपण चाहते काय करत होतो? आकडे बेरजेला लावत होतो. डीरोझनचे बावीस, लव्हीनचे बावीस, सबोनिसचे एकोणीस, किंग्जच्याच मलिक मंकचे सतरा. चेंडू मात्र एकच असतो, ही गोष्ट त्या बेरजेत कुठे येत नाही. आपल्या मातीतल्या खेळात हे कोणाला समजवावे लागत नाही. सातही गडी चढाईचे घेऊन कबड्डीचा संघ उतरवा म्हटले तर गावच्या मंडळातला पोरगाही हसेल. २०१५ मध्ये यू मुंबाने प्रो कबड्डी जिंकली तेव्हा चढाईला अनुप कुमार होता, पण लोक बोलायचे ते मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडाच्या कोपऱ्यांबद्दल. तिथे आपल्याला जे उपजत कळते ते बास्केटबॉल पाहताना आपण का विसरतो? गुण स्कोअरबोर्डवर दिसतात आणि न झालेला गुण कुठेच लिहिला जात नाही, एवढेच कारण मला सुचते.

किंग्जच्या स्वतःच्या इतिहासात याचे उत्तम उदाहरण आहे, आणि ते विसरले गेले याचे मला नवल वाटते. १९९८ मध्ये त्यांनी मिच रिचमंड दिला. सात वर्षे एका रड्या संघाला खांद्यावर वाहणारा, शहराचा लाडका. बदल्यात क्रिस वेबर. २००० मध्ये कॉर्लिस विल्यमसन दिला, जो गुण काढायचा, आणि डग क्रिस्टी घेतला, जो समोरच्याला गुण काढू द्यायचा नाही. २००१ मध्ये जेसन विल्यम्स दिला. त्याचे पाठीमागून, कोपराने दिलेले पास पाहायला देशभरचे लोक टीव्ही लावायचे. त्याच्या नावाचे शर्ट घालून पोरे शाळेत जायची. त्याच्या जागी आला माइक बिबी, शांत, चेंडू न गमावणारा, शेवटच्या मिनिटाला हात न थरथरणारा. पुढच्याच हंगामात किंग्जनी ६१ सामने जिंकले, लीगमध्ये सर्वाधिक. प्लेऑफमधली लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धची ती मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. सहाव्या सामन्याच्या पंचगिरीबद्दल आजही बोलले जाते आणि ते बोलणे रास्त आहे, पण सातव्यात आपण तीस फ्री थ्रोंपैकी (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकींपैकी) चौदा चुकवले हेही खरे आहे.

आता ट्रेड मोजण्याची जी पट्टी हॅलिबर्टनसाठी वापरतात ती इथे लावून पाहा. रिचमंडला २००२ मध्ये विजेतेपदाची अंगठी मिळाली, तीही लेकर्सच्या बाकावर बसून. विल्यमसनला २००४ मध्ये डेट्रॉइटकडून. विल्यम्सला २००६ मध्ये मायामीकडून. गेलेले तिघेही विजेते झाले, आणि आलेल्यांच्या जोरावर किंग्जना एकही विजेतेपद मिळाले नाही. मग ते तीनही ट्रेड चुकले का? सॅक्रामेंटोचा एकही जुना चाहता असे म्हणणार नाही. त्या तीन निर्णयांनी शहराला त्याचा सर्वांत सुंदर संघ दिला हे त्याला माहीत आहे. गेलेला माणूस पुढे कुठे पोचला यावर ट्रेड ठरत नाही, आलेल्या माणसाने घरातली कोणती रिकामी जागा भरली यावर ठरतो, हे आपण २००१ साठी मान्य करतो आणि २०२२ साठी नाकारतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला खरोखर अडवतो. गरज पाहून निवडायचे म्हणता, मग २०१८ चे काय? किंग्जकडे ड्राफ्टमध्ये दुसरा क्रमांक होता. लुका डॉन्चिच समोर होता. संघात फॉक्स आहे, चेंडू हाताळणारा आणखी कशाला, आपल्याला पुढे खेळणारा मोठा गडी हवा, असा हिशेब त्या निवडीमागे दिसत होता, आणि त्यांनी मार्व्हिन बॅग्ली घेतला. डॉन्चिच पुढे काय झाला ते सांगायला नको. गरजेचा हिशेब इथे संघाला खड्ड्यात घेऊन गेला, हे कबूल. पण ड्राफ्टच्या वरच्या पिकावर तुम्ही संघाचा खांब निवडत असता. खांब नसेल तर बाकी गरजेला अर्थच नाही, म्हणून तिथे सर्वांत मोठी गुणवत्ता घ्यावी, मग ती कोणत्याही जागेवरची असो. २०२० मध्ये फॉक्स असतानाही बाराव्या क्रमांकावर हॅलिबर्टन घेतला तो म्हणूनच बरोबर होता. गरजेचा प्रश्न खांब उभा राहिल्यावर सुरू होतो. २०२३ मध्ये किंग्जचे खांब उभे होते: फॉक्स, सबोनिस, आणि चौथ्या पिकावर आलेला कीगन मरे, ज्याने पहिल्याच वर्षी नवख्या खेळाडूच्या थ्री-पॉइंटरचा विक्रम मोडला. त्यानंतरही निव्वळ नाव आणि गुण बघून माणसे आणणे म्हणजे खांब उभे झाल्यावर आणखी एक खांब आणणे. छप्पर कधी घालायचे?

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो. सॅक्रामेंटो लहान शहर, मोठे खेळाडू तिथे येत नाहीत, जो यायला तयार तोच घ्यावा लागतो. लांब हातांचे बचावपटू सगळ्यांनाच हवेत, ते मिळणार कसे? यात तथ्य आहे. पण इंडियानापोलिस काही लॉस एंजेलिस नाही, आणि नेम्हार्ड ३१ व्या क्रमांकापर्यंत सगळ्या संघांना उपलब्ध होता, सॅक्रामेंटोलाही. त्याहून मोठा पुरावा किंग्जच्या घरातच होता. कीऑन एलिस. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला, किंग्जनी जवळजवळ काहीही न मोजता मिळवलेला गार्ड.

१६ एप्रिल २०२४ चा प्ले-इन सामना ज्यांनी पाहिला त्यांना मी काय म्हणतो ते आधीच कळले असेल. वर्षापूर्वी ज्या वॉरियर्सनी याच कोर्टवर घरी पाठवले तेच समोर. किंग्जचे गुण काढणारे दोन गडी, मलिक मंक आणि केव्हिन हर्टर, दोघेही जायबंदी. नाइलाजाने एलिस सुरुवातीच्या पाचांत. तो करीच्या सावलीसारखा फिरत राहिला, वाट अडवायला उभ्या राहणाऱ्या गड्यांना वळसे घालून, हात वर, श्वास अंगावर. वॉरियर्सच्या क्ले थॉम्प्सनने दहा वेळा टाकले आणि दहाही चुकले. मरेने ३२ गुण काढले. ११८-९४. गुण काढणारे दोघे कमी असताना किंग्ज त्या वर्षातले सर्वांत चांगले बास्केटबॉल खेळले. तीन दिवसांनी न्यू ऑर्लीन्समध्ये ते ९८ गुणांवर अडकून हरले, हेही सांगायला हवे. मंकची उणीव त्या दिवशी जाणवली. म्हणून गुण काढणारे नकोत असे मी म्हणत नाही. पण तो पहिला सामना पाहून संघाने काय शिकायला हवे होते? एलिससारखे आणखी दोन शोधा, त्यातला एक सहा फूट आठचा असू द्या. त्याऐवजी अडीच महिन्यांत डीरोझन आला, आणि पुढच्या हंगामात एलिस कधी सुरुवातीला, कधी बाकावर, त्याची मिनिटे दर आठवड्याला वेगळी.

२०२५ मध्ये संघाचा प्रशिक्षक म्हणून कायम झाला डग क्रिस्टी. गुण काढणाऱ्याच्या बदल्यात आणलेला तोच बचावपटू, २००३ मध्ये लीगच्या पहिल्या बचाव संघात निवडला गेलेला. त्या उन्हाळ्यात त्याच्या हाती कोण दिले? डेनिस श्रोडर, चेंडू हाताळणारा गार्ड. ऑक्टोबरमध्ये रसेल वेस्टब्रूक, आणखी एक. म्हणून माझी चाहत्यांना विनंती आहे की हॅलिबर्टन की सबोनिस हा वाद काही काळ बाजूला ठेवा. पुढच्या वेळी एखाद्या खेळाडूचे नाव ट्रेडच्या चर्चेत आले, तर त्याची सरासरी बघण्याआधी विचारा की हा कोणाला अडवणार, आणि त्याला जागा करून देताना मरेच्या कोर्टवरच्या वेळेतली किती मिनिटे जाणार.